बॅक्स्टर बिल्डिंगचे वरचे पाच मजले

काही महिन्यांपूर्वी फोर्टमधल्या फुटपाथवर एक जाडजूड संग्रह हाती लागला. फँटास्टिक फोर या मार्व्हलच्या अमेरिकन सुपरहिरो टीमच्या कॉमिकचे सुरुवातीचे अंक, काळ्यापांढऱ्या छपाईत, हलक्या कागदावर. कडा तपकिरी पडलेल्या आणि आत कधीतरी ओल लागून पुन्हा वाळल्याचा वास. लोकलमध्ये उभ्याने चाळला, रात्री नीट वाचायला घेतला, तेव्हा कळलं की तिसऱ्या अंकातलं एक पान नाही. ते फाटलेलं नव्हतं. पट्टी धरून ब्लेडने कापलेलं होतं, शिवणीलगत नखाएवढा कागद राखून, म्हणजे पुढची पानं सुटू नयेत. एवढ्या काळजीने कुणी काय नेलं असेल? मला आधी वाटलं, कुणातरी आवडत्या नायकाचं चित्र असणार. मग पुढचीमागची पानं लावून कथा जुळवत गेले तेव्हा उलगडलं. नेलेलं पान घराचं होतं. बॅक्स्टर बिल्डिंगचे वरचे मजले उभे कापून आतलं सगळं दाखवणारं, मालिकेचा चित्रकार जॅक कर्बी याचं चित्र त्या पानावर असायला हवं होतं.

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. अंगभर पेटलेला जॉनी, दगडी देहाचा बेन, लांबच लांब हात पसरणारा रीड, अशी भिंतीवर लावावीशी चित्रं त्या संग्रहात पानोपानी आहेत. ती सगळी जागच्या जागी ठेवून ज्याने नेमका नकाशा उचलला, त्याला काय हवं होतं? लहानपणी कुठलीही गोष्ट वाचताना मी हेच शोधायची. ही माणसं राहतात कुठे, जेवतात कुठे, एकमेकांवर रागावली की कुठल्या खोलीत जाऊन दार लावून घेतात. आमचं घर दोन खोल्यांचं होतं आणि लावून घेता येईल असं दार फक्त न्हाणीघराचं. त्यामुळे हा प्रश्न मला फार जवळचा होता, आणि गोष्टींत त्याचं उत्तर क्वचितच मिळायचं.

सुपरहिरोंची जन्मकथा म्हटलं की सगळ्यांना अपघात आठवतो. फँटास्टिक फोरचा अपघात, अंतराळात किरण अंगावर पडण्याचा, नोव्हेंबर १९६१च्या पहिल्या अंकात होतो आणि थोडक्या पानांत उरकतो. पण पहिले दोन अंक वाचताना ते चौघं अजून टीम वाटत नाहीत. अंगावर साधे कपडे, कायमचा पत्ता नाही, एकाच संकटातून बाहेर पडलेली आणि म्हणून एकत्र राहिलेली माणसं. मार्च १९६२च्या तिसऱ्या अंकात लेखक स्टॅन ली आणि कर्बी त्यांना गणवेश, उडती मोटार आणि घर हे तिन्ही एकदम देतात. मॅनहॅटनमधल्या एका उंच इमारतीचा माथा. त्यात हेलिकॉप्टरसाठी हँगर आहे, जगात कुठेही काही मिनिटांत नेणारं प्रवासी क्षेपणास्त्र आहे, नकाशांची खोली आहे, बैठकीची खोली आहे आणि राहायच्या खोल्याही आहेत. पुढच्या अंकांतून तपशील वाढत जातात: इमारत ३५ मजल्यांची, त्यातले वरचे ५ यांचे, आणि त्यांची खासगी लिफ्ट उघडते ती पट्ट्याच्या बकलमधून सोडलेल्या किरणाने. आणि त्या तिसऱ्याच अंकाच्या शेवटी काय होतं? जॉनी बेनशी भांडतो आणि निघून जातो.

पुढच्या अंकात बाकीचे तिघं अख्ख्या शहरात त्याला शोधत फिरतात. तो बॉवरीवरच्या एका स्वस्त मुक्कामाच्या जागी सापडतो, जिथे कामधंदा नसलेले पुरुष रात्र काढायला येतात. तिथे पडलेलं १९४०च्या दशकातलं एक जुनं कॉमिक तो चाळतो. शेजारी दाढी वाढलेला, स्वतःचं नावही विसरलेला एक माणूस असतो. जॉनी बोटाच्या ज्वाळेने त्याची दाढी उतरवतो आणि आतून निघतो त्या जुन्या कॉमिकमधलाच नेमोर, समुद्राचा राजा. नेमोरच्या पुनरागमनासाठी हा प्रसंग प्रसिद्ध आहे. मला त्यात रुसलेला पोरगा दिसतो. पाच मजले डोक्यावर असताना तो जाऊन बसतो तो शहरातल्या सगळ्यांत बेघर गल्लीत.

ज्यांनी हे अंक रचले त्यांना घर म्हणजे काय ते माहीत होतं.

कर्बीला तर नक्कीच. त्याचं मूळ नाव जेकब कर्ट्झबर्ग. १९१७ साली न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये, एसेक्स स्ट्रीटवर जन्मलेला. आईवडील ऑस्ट्रियातून आलेले ज्यू, वडील कपड्यांच्या कारखान्यात कामाला. तिथल्या इमारती म्हणजे आपल्या चाळीच: माणसांवर माणसं, बाहेर लोखंडी जिने, गल्लीगल्लीत पोरांच्या टोळ्या आणि त्यांच्या मारामाऱ्या. कर्बी त्या मारामाऱ्यांतच वाढला. बेन ग्रिम ज्या गल्लीत वाढला ती यान्सी स्ट्रीट म्हणजे त्या भागातली डिलान्सी स्ट्रीट, हे आता सगळे मानतात. कर्बीच्या वडिलांचं नाव बेंजामिन, त्याचं स्वतःचं जेकब, आणि बेनचं पूर्ण नाव बेंजामिन जेकब ग्रिम. पुढे संसार थाटल्यावर कर्बी लाँग आयलंडवर राहायला गेला आणि घराच्या तळघरात एका चिंचोळ्या खोलीत बसून काढायला लागला. घरातले त्या खोलीला अंधारकोठडी म्हणायचे. बॅक्स्टर बिल्डिंगच्या गच्चीवरून दिसणारं ते उघडं आकाश त्या तळघरात काढलं गेलं, हे कळल्यापासून मी ती चित्रं वेगळ्या नजरेने बघते. प्रत्येक वस्तूला स्वतंत्र खोली देणारा, नकाशांनासुद्धा एक अख्खी खोली देणारा चित्रकार जागेच्या टंचाईत वाढलेला असतो. भरपूर जागेत वाढलेल्याला हे सुचत नाही.

आणि इतकी जागा देऊनही या लोकांनी ती फुकट दिली नाही. डिसेंबर १९६२च्या नवव्या अंकात रीडचे पैसे शेअर बाजारात बुडतात आणि फँटास्टिक फोरला घर सोडावं लागतं. भाडं थकलंय. जगाला वाचवणारे चौघं रस्त्याच्या कडेला उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना अंगठे दाखवत हॉलिवुडला निघतात, कारण तिथे कुणीतरी त्यांना सिनेमात घेणार आहे. तो कुणीतरी अर्थात नेमोरच. हा अंक मी कितीदा वाचला असेल, आणि दरवेळी घेणेकरी दारात आल्यावर पोटात तेच गोळा येणं. दोन अंकांनंतर टपालवाला विली लम्पकिन येतो. वाचकांच्या पत्रांचं पोतं घेऊन येणारा हा म्हातारा सांगतो की मला कान हलवता येतात, मलाही टीममध्ये घ्या. त्याच अंकात वाचकांच्या एका तक्रारीला उत्तर दिलेलं आहे. तक्रार अशी, की टीममधली चौथी, सू, काहीच करत नाही, तिला काढून टाका. रीड आणि बेन तिची बाजू मांडतात आणि त्यासाठी अब्राहम लिंकनच्या आईचा दाखला देतात. सू हुंदके देते. हा दाखला मला अजिबात पटत नाही. ज्या बाईला अदृश्य होता येतं, तिच्या बाजूने बोलतानासुद्धा दोघांना घरात दिवा लावून वाट बघणारी आईच आठवावी, याचा राग येतो. हा राग पुढे मला उपयोगी पडला. त्याकडे येतेच.

आमच्या पिढीला पहिली गुप्त जागा दाखवली ती इंद्रजाल कॉमिक्सने. वेताळची कवटीच्या आकाराची गुहा, आत सिंहासन, आधीच्या सगळ्या वेताळांची थडगी आणि त्यांनी लिहून ठेवलेल्या वह्या. ली फॉकने १९३६ साली रचलेलं ते जग मराठीत वाचताना अंगावर काटा यायचा. आता तुलना करते तेव्हा जाणवतं की एकट्या नायकाची जागा नेहमी मागचं सांभाळते. वेताळच्या गुहेत पूर्वज आहेत, बॅटमॅनच्या गुहेत जुन्या मोहिमांची स्मृतिचिन्हं आहेत, त्यात ते अवाढव्य नाणं आणि डायनासोर. तिथे आजची भाजी कुणी आणायची हा प्रश्न उद्भवत नाही. टीमच्या घरात तोच प्रश्न सगळ्यांत मोठा असतो. माझं आता ठाम मत झालं आहे की किरणांनी आणि स्फोटांनी एकेक नायक घडतो, पण टीमची खरी जन्मकथा तिला छप्पर कुणी दिलं आणि कशाच्या बदल्यात दिलं, यात असते.

मार्व्हलच्याच अ‍ॅव्हेंजर्स या टीमचं बघा. सप्टेंबर १९६३च्या पहिल्या अंकात ते एकत्र येतात ते लोकीच्या कपटामुळे, म्हणजे निव्वळ योगायोगाने. हल्क तर दुसऱ्याच अंकात सोडून जातो. मे १९६५च्या सोळाव्या अंकापर्यंत उरलेले संस्थापकही रजा घेतात. थॉर नाही, आयर्न मॅन नाही, जायंट मॅन आणि वास्प नाहीत. राहतं ते फिफ्थ अव्हेन्यूवरचं टोनी स्टार्कचं, म्हणजे आयर्न मॅनचं, वडिलोपार्जित घर, खानसामा जार्विस, आणि बर्फातून निघालेला, ज्याच्या ओळखीचं जग संपून गेलंय असा कॅप्टन अमेरिका. त्या घरात मग येतात हॉकाय, क्विकसिल्व्हर आणि स्कार्लेट विच, तिघंही काल-परवापर्यंत खलनायकांच्या बाजूला असलेले. बहीण-भावाने युरोपातून पत्र लिहून जागा मागितलेली. हॉकाय तर घरात घुसून, जार्विसला बांधून घालून आपली करामत दाखवतो. म्हणजे टीममधली जवळजवळ सगळी माणसं बदलली आणि टीम तीच राहिली. ते शक्य झालं कारण घर तेच होतं. त्या घराचं रूप न्यूयॉर्कमधल्या हेन्री क्ले फ्रिकच्या वाड्यावरून घेतलेलं आहे. फ्रिक हा पोलादाचा कारखानदार, १८९२च्या होमस्टेडच्या संपात कामगारांशी अत्यंत कठोरपणे वागलेला. त्याचा वाडा आज चित्रसंग्रहालय आहे. अशा घराच्या धर्तीवर उभ्या केलेल्या घरात चुकलेल्या माणसांना दुसरी संधी मिळते, हे मला आवडतं आणि बोचतंही. छप्पर शेवटी श्रीमंताचंच. एक्स-मेन या टीमचा गुरू झेवियर याची शाळा त्याच्या खानदानी हवेलीत, अ‍ॅव्हेंजर्स स्टार्कच्या.

त्या घराची खरी किंमत १९८६-८७च्या अंकांत कळते. लेखन रॉजर स्टर्नचं, चित्रं जॉन ब्युसेमाची. मास्टर्स ऑफ ईव्हिल ही खलनायकांची टोळी, एकेक सदस्य बाहेर असल्याची वेळ साधून वाडा ताब्यात घेते. टीममधल्या हर्क्युलिसला मरणप्राय मारते. पण टोळीतला मिस्टर हाइड जार्विसला मारहाण करतो ती पानं वाचवत नाहीत. त्याच्याकडे कुठलीही शक्ती नाही, तो चहा आणणारा, कोट झटकणारा माणूस आहे, आणि घराच्या भांडणात सगळ्यांत जास्त तोच भरडला जातो. टोळीचा म्होरक्या बॅरन झीमो बांधून घातलेल्या कॅप्टन अमेरिकेसमोर त्याच्या खोलीतल्या वस्तू नष्ट करतो. जुनी तिकोनी ढाल, आणि आईचा एकुलता एक फोटो. लढाई जिंकल्यावर पडलेल्या भिंतींमध्ये कॅप्टन त्या फोटोचे तुकडे हातात घेऊन रडतो. जे सैन्यांना सामोरं गेलं ते अंग फोटोच्या तुकड्यांनी हलतं. जार्विस पुढे रुग्णालयात पडून जुने दिवस आठवत राहतो आणि परत त्याच नोकरीवर यायचं ठरवतो. त्याच्या या निर्णयावर माझा अजूनही विश्वास पूर्ण बसलेला नाही. त्याच्या जागी मी गेले असते का, याचं उत्तर दर वाचनात बदलतं.

मार्व्हलची प्रतिस्पर्धी कंपनी डीसी, तिच्या बाजूला सगळ्यांत हळवी कहाणी टायटन्स टॉवरची. मार्व वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांनी १९८० साली टीन टायटन्स ही किशोर नायकांची टीम नव्याने सुरू केली तेव्हा ईस्ट रिव्हरमधल्या एका बेटावर इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा मनोरा उभा होता, आणि पोरं त्यात राहायला लागली होती. तो बांधला कुणी, हे नंतर कळतं. सायबॉर्ग म्हणजे व्हिक्टर स्टोन. प्रयोगशाळेतल्या अपघातात त्याची आई मेली, आणि त्याला वाचवण्यासाठी बापाने, सायलस स्टोनने, त्याचं अर्धं शरीर धातूचं करून टाकलं. पोरगा त्याबद्दल बापाचं तोंड बघत नाही. १९८१च्या सातव्या अंकात उघड होतं की टॉवर बापानेच बांधून टीमला दिला, आणि त्याच अपघातातल्या किरणोत्सर्गाने तो स्वतः मरणाच्या दारात आहे. मग दोघं उरलेला थोडा वेळ एकत्र घालवतात. ज्या पोराशी बोलता येत नाही त्याच्यासाठी, त्याच्या मित्रांसकट राहता येईल असं घर बांधणारा बाप. यातलं प्रेम आणि यातली असहायता, दोन्ही मी आमच्याकडच्या घरांत पाहिली आहे. जमीन घेऊन ठेवणारे, वर एक मजला चढवून ठेवणारे बाप. तोंडाने एक शब्द नाही.

सुपरमॅन, वंडर वुमन यांच्या जस्टिस लीगची गोष्ट बरोबर उलटी. त्यांचं पहिलं घर ऱ्होड आयलंडमधल्या हॅपी हार्बरजवळच्या डोंगरातली गुप्त गुहा. त्या गावचा स्नॅपर कार हा चुटक्या वाजवत फिरणारा पोरगा १९६०च्या पहिल्या मोहिमेपासून त्यांच्यासोबत. डिसेंबर १९६९च्या अंकात जोकर वेषांतर करून त्याला भुलवतो आणि तो गुहेचा ठावठिकाणा सांगून टाकतो. पुढच्याच अंकात, फेब्रुवारी १९७०मध्ये, लीग पृथ्वी सोडते. २२,३०० मैलांवर, म्हणजे सुमारे ३६ हजार किलोमीटरवर, एक उपग्रह. लेखक डेनी ओनील, चित्रकार डिक डिलिन. काही महिन्यांपूर्वीच माणूस चंद्रावर उतरला होता, तेव्हा वाचकांना हे थरारक वाटलं असणार. मला त्या उपग्रहात थंडी वाजते. घरातल्याच एका पोराने विश्वास मोडला म्हणून सगळ्या माणसांपासून इतकं लांब जाऊन बसायचं, आणि मग पाळीपाळीने एकट्याने पडद्यांसमोर बसून खालच्या जगावर लक्ष ठेवायचं. स्नॅपरला कुणी विचारलं का, की तुला एवढं परकं का वाटत होतं?

टीव्हीवर मात्र याच लीगला जगातलं सगळ्यांत देखणं घर मिळालं, आणि ते खरोखर उभं आहे. १९७३च्या कार्टून मालिकेतला हॉल ऑफ जस्टिस सिनसिनाटीच्या युनियन टर्मिनलवरून घेतलेला. १९३३ साली उघडलेलं भव्य रेल्वे स्टेशन, अर्धगोल दर्शनी भिंतीचं. मालिका बनवणाऱ्या हॅना-बार्बेराची मालक कंपनी सिनसिनाटीचीच होती. १९७२मध्ये त्या स्टेशनातून प्रवासी गाड्या बंद झाल्या आणि पुढच्याच वर्षी सुपरमॅन आणि वंडर वुमन तिथे राहायला आले. आज त्यात संग्रहालय आहे आणि गाड्याही परतल्या आहेत. एकदा ते बघायचं आहे.

एकटीने सांभाळलेल्या घराची एकच गोष्ट मला पूर्ण पटते. मार्च १९८१चा एक्स-मेनचा अंक, ख्रिस क्लेअरमाँट आणि जॉन बर्न यांचा. नाताळची आदली संध्याकाळ, सगळे बाहेर गेलेले, आणि तेरा वर्षांची किटी प्राइड त्या प्रचंड शाळेत एकटी. घरात एक राक्षस शिरतो. नुकतीच आलेली ही मुलगी भिंतींतून आरपार जाते, सरावाची डेंजर रूम त्याच्यावर सोडते, आणि शेवटी विमानाच्या इंजिनाच्या आगीत त्याला जाळते. घराचा बराच भाग तीच उद्ध्वस्त करते. घरातल्या वाटा, खोल्या, यंत्रं माहीत असणं हेच तिचं शस्त्र. तोवर ती शाळेतली पाहुणी होती. त्या रात्रीनंतर ती तिथली झाली.

बॅक्स्टर बिल्डिंगचा शेवट याच जॉन बर्नने केला. १९६२च्या सहाव्या अंकात टीमचा कट्टर शत्रू डॉक्टर डूमने ती इमारत उपसून अंतराळात ओढून नेली होती आणि ती परत आली होती. १९८५मध्ये डूमच्या आठवणी डोक्यात भरलेल्या क्रिस्टॉफ या पोराने तीच युक्ती पुन्हा केली, आणि या वेळी वर नेऊन स्फोट केला. २३ वर्षं वाचकांनी ओळखीची केलेली जागा एका पानात नाहीशी. आतली माणसं जगली, कारण सूने आपलं अदृश्य कवच सगळ्यांभोवती धरलं आणि पोकळीत तेवढी हवा राखून ठेवली. लिंकनच्या आईचा तो दाखला मला इथे आठवला आणि माझा जुना राग निवळला. घर उडून गेल्यावर जे उरलं ते तिच्या दोन हातांत होतं, आणि ते धरून ठेवण्याचा ताण तिच्या कपाळावर बर्नने नीट दाखवला आहे.

त्यानंतर त्याच जागी फोर फ्रीडम्स प्लाझा आला, तोही गेला, बॅक्स्टर बिल्डिंग पुन्हा उभी राहिली. २०१८ साली डॅन स्लॉटने मालिका हाती घेतली तेव्हा ती इमारत फँटास्टिक्स नावाच्या दुसऱ्याच टीमकडे गेलेली होती, आणि चौघं मुलाबाळांसकट राहायला गेले ४, यान्सी स्ट्रीट या पत्त्यावर. बेनच्या गल्लीत, जिथली पोरं वर्षानुवर्षं त्याची खोडी काढत आली. कर्बी १९९४ साली गेला, त्याने हे पाहिलं नाही. काही वाचकांना या टीमने मॅनहॅटनचा माथा सोडून अशा गल्लीत यावं ही पडझड वाटते. मला तसं मुळीच वाटत नाही. बेन तिथे जन्मलाय, त्याला सांगावं लागणार नाही. रीडला पाच मजल्यांची सवय आहे, त्याला जड जाईल. प्रयोगशाळा कुठे मांडायची यावरूनच आधी वाद घालेल. मला वाचायचं आहे ते सूबद्दल. इतकी घरं लावली, इतकी उडताना पाहिली, एक तर हातांनी धरून ठेवलं. या गल्लीतल्या घरात तिला कुठली खोली स्वतःसाठी हवी आहे, हे एखाद्या अंकात कुणीतरी तिला विचारायला हवं.